मत मागायला आलेला राष्ट्राध्यक्ष

डोक्यावर आधी टोपी घ्या. गवती असली तर उत्तम, कापडी असली तरी चालेल, पण बोडके उभे राहू नका. आयोवातलं सप्टेंबरचं ऊन माथ्यावर आलंय आणि या उघड्या रानात सावली म्हणाल तर उभ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाआड वीतभर आहे. ती पोरांनी सकाळीच धरून ठेवली आहे.

आता श्वास घ्या, पण जपून. पहिल्याच श्वासाला धूळ नाकात जाईल. कच्च्या रस्त्यानं सकाळपासून मोटारी येतायत आणि त्यांची रांग अजून तुटलेली नाही. धुळीची सवय झाली की बाकीचे वास एकेक करून सुटे होतील. ताज्या नांगरटीचा ओलसर वास. ट्रॅक्टरच्या धुराचा. घामेजलेल्या सुती कपड्यांचा. पाइपमधल्या तंबाखूचा. आणि वारा फिरला की पलीकडच्या तंबूतून येणारा तळलेल्या कोंबडीचा. भूक खवळेल, पण कळ काढा. त्या तंबूत आधी पाहुणे जेवणार आहेत, आणि आजचा पाहुणा म्हणजे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष.

तुम्ही उभे आहात ते डेक्स्टर गावाबाहेरच्या एका शेतावर. तारीख १८ सप्टेंबर १९४८, वार शनिवार. राष्ट्रीय नांगरणी स्पर्धा भरली आहे आणि ८०-९० हजार माणूस लोटलं आहे. गाव म्हणाल तर इतकं लहान की त्यातली सगळी माणसं या गर्दीच्या एका कोपऱ्यात मावतील. एका रानात मोटारींची टपं उन्हात चमकतायत, डोळ्यांना सोसवत नाहीत. त्यापलीकडे छोटी विमानं उभी आहेत. हो, शेतकऱ्यांचीच. युद्धाच्या वर्षांत धान्याला भाव होता, हातात पैसा आला, आणि शेजारच्या राज्यातला एखादा शेतकरी आज नांगरणी बघायला विमान घेऊन आला आहे.

स्पर्धेत घाई कुणालाच नाही. तास किती सरळ गेलं, खोली सारखी राहिली का, वरची ताटं मातीखाली नीट पुरली गेली का, एवढंच पाहतात. पंच वाकून बघतात, गुडघ्यावर बसतात, पुन्हा बघतात. तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस त्या प्रत्येक पंचाच्या आधी आपला निकाल पुटपुटतो. साठीचा आहे. अंगात छातीपर्यंत येणारी डेनिमची डंगरी, मानेवर उन्हानं पडलेल्या खोल रेघा. बरोबर त्याची बायको आहे, निळ्या फुलांच्या सुती फ्रॉकमध्ये. कापड जवळून बघा. शिवणीपाशी टाक्यांची बारीक भोकं दिसतायत ना? हे आधी कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं होतं. खाद्य विकणाऱ्यांनी पोत्यांवर मुद्दाम फुलं छापली, कारण बायका ती उसवून कपडे शिवतात हे त्यांना ठाऊक होतं. एका फ्रॉकला एकाच छापाची तीन-चार पोती लागतात, तेव्हा दुकानात नवऱ्याला बरोबर तसंच पोतं उचलायला लावणं हे या बाईचं काम. आज ती ठेवणीतला फ्रॉक घालून आली आहे.

“पाहुणे, कुठून आलात?” तो विचारतो. लांबून, म्हणा. त्याला तेवढं पुरतं. आज इथं सगळेच लांबून आलेत.

गर्दी एकदम एका बाजूला कलते. मोटारींची रांग धुळीतून वाट काढत येतेय. लोक टाचा उंच करतात, बाप पोरांना खांद्यावर घेतात, कुणीतरी तुमच्या पायावर पाय देतं. व्यासपीठावर एक मध्यम उंचीचा, जाड काचांच्या चष्म्याचा, नीटनेटक्या सुटातला माणूस चढतो. हॅरी ट्रुमन. वय ६४. पहाटे पावणेसहालाच त्यांनी रॉक आयलंडच्या स्टेशनात पहिलं भाषण केलंय. तेव्हापासून डॅव्हनपोर्ट, आयोवा सिटी, ग्रिनेल, डेस मॉइन असं करत इथवर आलेत. दिवस अजून अर्धाच गेलाय आणि त्यांची भाषणं मोजायला तुमच्या एका हाताची बोटं अपुरी पडू लागली आहेत.

एक गोष्ट मनात ठेवा. हा माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून कधी निवडून आलेला नाही. १९४५ च्या एप्रिलमध्ये रूझवेल्ट गेले आणि उपाध्यक्ष असलेल्या ट्रुमन यांच्याकडे खुर्ची आली. त्या खुर्चीत ते साडेतीन वर्षं बसले आहेत आणि आता तीच खुर्ची राखायला दारोदार निघाले आहेत. जनमत चाचण्या घेणारे एल्मो रोपर यांनी तर नऊ दिवसांपूर्वीच सांगून टाकलं की न्यूयॉर्कचे गव्हर्नर ड्यूई जिंकल्यातच जमा आहेत, यापुढे चाचण्या छापण्यात अर्थ नाही.

भाषण सुरू होतं. खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं तुमचं लक्ष उडेल. ट्रुमन कागदात डोकं घालून वाचतात, चष्म्याच्या काचांवर ऊन चमकतं, आवाज सपाट. टाळ्या पडतात त्या रीतीपुरत्या. मग ते म्हणतात की रिपब्लिकन काँग्रेसनं शेतकऱ्याच्या पाठीत पिचफोर्क खुपसलाय, आणि शेजारचा म्हातारा पहिल्यांदा पंचांवरून नजर काढून व्यासपीठाकडे बघतो.

कारण आता कणग्यांचा विषय निघालाय, आणि ते त्याचं घरचं दुखणं आहे. हमीभावाची व्यवस्था अशी: मका नीट, मान्य झालेल्या कोठारात साठवला तर सरकार त्यावर कर्ज देतं. भाव पडला तर मका सरकारच्या गळ्यात घाला, वाढला तर सोडवून विका. सगळा खेळ त्या कोठारावर. ज्याच्याकडे जागा नाही त्याला कर्ज नाही, मिळेल त्या भावानं मका टाकायचा. आणि याच उन्हाळ्यात काँग्रेसनं सरकारी पतमहामंडळाच्या सनदेत कलम घातलं की महामंडळानं नवी कोठारं घ्यायची नाहीत. वर्ष तर विक्रमी पिकाचं. चहूकडे बघा, डोक्यावरून हात-हात वर गेलेला मका पिवळा पडत उभा आहे. तो ठेवायचा कुठं?

“बत्तीस सालच्या हिवाळ्यात आम्ही मका जाळला,” म्हातारा तुमच्याकडे न बघता सांगतो. “चुलीत. कोळशापेक्षा स्वस्त पडत होता.”

तो वास कसा होता विचारा. बायको उत्तर देते. भाजलेल्या कणसासारखा, पहिल्या दिवशी. मुलांना आवडला होता. नंतर पडद्यांना, अंथरुणांना, केसांना तोच वास आणि भूक लागायची बंद झाली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते हूव्हर, याच आयोवात जन्मलेले. लोक त्यांना पत्रं लिहीत होते. “पत्रं,” ती पुन्हा एकदा म्हणते आणि फ्रॉकवरची धूळ झटकते.

जेवणाची वेळ झाली. तुम्हालाही कागदी ताटली मिळेल, रांगेत थोडे धक्के खाल्ले की. कोंबडी, बटाट्याचं सॅलड, पायचा तुकडा. उन्हानं पायवरची साय ओघळून बोटांवर येईल, चाटून टाका, कुणी बघत नाही. सगळे बघतायत ते पुन्हा व्यासपीठाकडे, कारण जेवून झाल्यावर ट्रुमन परत वर चढले आहेत आणि या खेपेला हातात कागद नाही.

आता ऐका. ते खेचरांबद्दल बोलतायत. मिझुरीतल्या घरच्या शेतावर तरुणपणी खेचरं जुंपून नांगरट केली, १६० एकरांचं गव्हाचं रान पेरलं आणि एक जागा मोकळी सुटली नाही, तास सरळ मारायचो, याला साक्ष आहे पण ती पक्षपाती आहे, कारण ती माझ्या आईची. गर्दीतून हसू फुटतं आणि मागच्या मोटारींपर्यंत पसरत जातं. म्हातारा हसत नाही. तो पंच झालाय. खेचरं किती जुंपायचा, नांगर कुठल्या बनावटीचा, हे ट्रुमन सांगतायत आणि हा मान हलवून प्रत्येक तपशील तपासतोय. शेवटी पुटपुटतो, “चालवलाय खरा नांगर.”

तुम्ही आत्ता जे पाहिलं, ते मला फेरनिवडणुकीच्या या सगळ्या विषयातलं मोलाचं वाटतं. जगातल्या सर्वांत ताकदवान खुर्चीतला माणूस एका शेतकऱ्यासमोर उभा राहून आपली परीक्षा देत होता. त्याला यावं लागलं. खुर्ची जाण्याची भीती होती म्हणून यावं लागलं. ही भीती फुकट मात्र मिळत नाही. तिची किंमत बघायची तर त्यांच्या आगगाडीत बसावं लागेल. चला.

गाडी लांबलचक आहे आणि शेवटचा डबा राष्ट्राध्यक्षांचा, ‘फर्डिनंड मॅगेलन’. युद्धकाळात रूझवेल्ट यांच्यासाठी तो चिलखती केला गेला. भिंतींत पोलादी पत्रे, खिडक्यांना तीन इंच जाड काचा, वजन सव्वाशे टनांच्या वर. आतून बाहेरचं शेत दिसतं पण हवेची झुळूक नाही. आणि या सगळ्या बंदोबस्ताच्या शेवटी आहे एक छोटा उघडा सज्जा, पितळी कठड्याचा, वर कर्णे लावलेला. पोलादाच्या पेटीत राहायचं आणि माणसांत यायचं झालं की उघड्यावर उभं राहायचं.

तुमची जागा पुढे, वार्ताहरांच्या डब्यात. इथला वास सांगून टाकतो: सिगारेट, बुर्बन, आणि धुवायला न मिळालेले सदरे. आंघोळीची सोय नाही. एखाद्या शहरात हॉटेलचा मुक्काम पडला तरच अंगावर पाणी, तोवर मान पुसायची आणि कॉलर उलटी करायची. ट्रुमन यांचे सल्लागार क्लार्क क्लिफर्ड यांना या प्रवासात अंगभर गळवं झाली. वेळापत्रक असं की डॉक्टरकडे जायला सवड नाही.

गाडीचा वेग कमी झाला की सगळे उठतात. तुम्हीही उठा. चॅरिटन आलं. चाकं थांबायच्या आत उडी मारायची आणि खडीवरून मागच्या डब्याकडे पळत सुटायचं. गुडघा फुटतो कुणाचा तरी रोज. धापा टाकत पोचता तेव्हा शाळेच्या मुलांचा बँड सुरू झालेला असतो. ट्रम्पेटवाला पोरगा लालबुंद, सूर थोडा वर चढलेला. निळा पडदा बाजूला होतो. ट्रुमन येतात, गावाबद्दल चार वाक्यं बोलतात. ती वाक्यं बरोबर असतात, कारण वॉशिंग्टनमध्ये पक्षाची एक छोटी तुकडी प्रत्येक थांब्याची माहिती काढून गाडीकडे धाडते: इथला कारखाना कुठला, धरण अडलंय का, गव्हाचं काय झालं. मग काँग्रेसवर हल्ला. गर्दीतून कुणीतरी ओरडतं, “हाणा त्यांना, हॅरी!” मग ते विचारतात, माझ्या घरच्यांना भेटायचंय? आणि बायको बेस बाहेर येते. ‘ही माझी बॉस’ म्हणून ओळख करून देतात. ही ओळख बेसबाईंना मुळीच आवडत नाही. त्यांचं हसू बघा, ओठांच्या पुढे जात नाही. मग मुलगी मार्गारेट, ‘बॉसची बॉस’. टाळ्या तिलाच जास्त. तेवढ्यात शिट्टी होते, गाडी हलते आणि तुम्ही पुन्हा खडीवरून पळताय, या वेळी चालत्या डब्याचा दांडा पकडायला. दहा-बारा मिनिटांचा सगळा प्रकार.

पुढे ट्रेंटन, तिथंही हेच. रात्र पडते. पोलो हे गाव तर एवढंसं, तरी गाडी थांबते, तरी माणसं आलेली, हातात कंदील, कुणाच्या कडेवर झोपलेलं मूल. तुमचे पाय भरून आलेत. साठी उलटलेला माणूस पुन्हा सज्ज्यावर येतो, आवाज बसलाय, पण बोलतो.

आणि देश कोण चालवतोय?

गाडीत लष्कराच्या दळणवळण खात्याचा एक डबा आहे. दारातून डोकावा. टेलिटाइप खडखडतोय, कानठळ्या बसतायत, यंत्रांच्या उष्णतेनं आतली हवा भट्टी झालीय. वॉशिंग्टनहून आलेला कागद फाडून एक सैनिक मागच्या डब्याकडे धावतो. याच महिन्यांत बर्लिनची कोंडी चालू आहे. रशियानं रस्ते आणि रेल्वे बंद केलेत आणि वीस लाखांवर माणसांचं शहर विमानांनी आणलेल्या पिठावर आणि कोळशावर जगतंय. त्या शहराचं पुढं काय, हा कागद राष्ट्राध्यक्षांच्या हातात पडतो तो दोन भाषणांच्या मधल्या अर्ध्या तासात.

वार्ताहरांच्या डब्यात परत या. पोकरचे पत्ते वाटले जातायत. एक जुना वार्ताहर, बाटलीचा तळ न्याहाळत, तुम्हाला उपाय सांगतो. नवा नाही हा उपाय. राष्ट्राध्यक्षाला एकदाच निवडा, सहा वर्षांसाठी. पुन्हा उभं राहण्याची मुभाच नको. मग ही गाडी नाही, हे सज्जे नाहीत, कामाची सहा वर्षं सलग. अँड्र्यू जॅक्सन यांनी १८२९ मध्ये काँग्रेसला सांगितलं होतं की चार किंवा सहा वर्षांची एकच कारकीर्द असावी. मग स्वतः १८३२ मध्ये दुसऱ्यांदा उभे राहिले आणि निवडूनही आले. हेज यांनी १८७७ मध्ये शपथ घेताना सहा वर्षांची एकच कारकीर्द सुचवली आणि स्वतः खरोखरच पुन्हा उभे राहिले नाहीत. १९१३ च्या फेब्रुवारीत तर सिनेटनं अशी घटनादुरुस्ती ४७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर केली. प्रतिनिधिगृहात ती अडून राहिली. नुकतेच निवडून आलेले विल्सन तिच्या विरोधात होते. त्यांचं म्हणणं असं की लोकांचा आवाज न ऐकणाऱ्या राष्ट्राध्यक्षाला चार वर्षंही फार होतात आणि मोठं काम हाती घेणाऱ्याला ती अपुरी पडतात. ठरवू द्या लोकांना.

पत्ते वाटणारा तरुण विचारतो, नव्या बाविसाव्या दुरुस्तीचं काय? ती काँग्रेसमधून गेल्या वर्षी निघाली. रूझवेल्ट चार वेळा निवडून आले, तसं पुन्हा होऊ नये म्हणून दोनदाच निवडून यायची मर्यादा. आयोवाच्या विधिमंडळानं त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिला मान्यता देऊन टाकली. आता बाकीच्या राज्यांची वाट. तिच्यात सध्याच्या राष्ट्राध्यक्षाला वगळलंय, म्हणजे मागच्या डब्यात झोपायच्या तयारीत असलेल्या माणसाला ती लागूच नाही.

मला त्या जुन्या वार्ताहराशी वाद घालावासा वाटतो, आणि तुम्ही तिथं बसलेच आहात तर माझ्या वतीनं घाला. त्याला सांगा, दक्षिणेला सीमेपलीकडे मेक्सिकोत हाच नियम आहे. सहा वर्षं, पुन्हा नाही. तिथले राष्ट्राध्यक्ष डियाझ यांच्या लांबलेल्या सत्तेविरुद्ध क्रांती झाली तीच मुळी फेरनिवडणूक नको या घोषणेवर, आणि त्या घोषणेमागे सांडलेल्या रक्ताबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण पुढे झालं काय? जाणारा राष्ट्राध्यक्ष आपल्याच पक्षातला पुढचा माणूस नेमू लागला. जाणाऱ्याला लोकांकडे परत जायचं नव्हतं आणि येणाऱ्यालाही खरी परवानगी लोकांची लागत नव्हती. शेवटच्या सहा वर्षांचा हिशेब कुणी कुणाला द्यायचा?

तरी तो वार्ताहर खोटं बोलत नाही. दहा दिवस पुढे सरका.

ओक्लाहोमा सिटी. गाडी उभी आहे आणि या वेळी ती गर्दीसाठी थांबलेली नाही. पैसे संपलेत. रेल्वेचं बिल भरल्याशिवाय राष्ट्राध्यक्षांची गाडी पुढे निघू शकत नाही. डब्याच्या मार्गिकेतून जाताना खालच्या आवाजातली बोलणी कानावर पडतात. ओक्लाहोमाचे गव्हर्नर रॉय टर्नर आणि त्यांची माणसं पैसेवाल्यांना गाठतायत, आकडे बोलले जातायत. पैसे जमतात. गाडी निघते. तुम्ही खिडकीशी बसता, आणि ज्यांनी आज पैसे दिले ते उद्या काय मागतील हा प्रश्न तुमच्या पोटात जड होऊन बसतो. हा प्रश्न सहा वर्षांच्या उपायानं सुटत नाही, पहिल्या निवडणुकीलाही पैसे लागतातच. पण खुर्चीत बसलेल्या माणसासाठी पैसे मागणं वेगळं. त्याच्या हातात देण्यासारखं बरंच काही असतं.

अजून एक आठवडा पुढे. ५ ऑक्टोबर, व्हाइट हाउस. दोन दौऱ्यांच्या मधला मुक्काम. पायाखालच्या फरश्या जपून चाला, हे घर अक्षरशः खचत चाललंय. उन्हाळ्यात मार्गारेटच्या पियानोचा पाय जमिनीतून आरपार गेला. ट्रुमन कुटुंब समोरच्या ब्लेअर हाउसमध्ये हलेल ते निवडणूक आटपल्यावर.

आत मात्र दुसरंच काही खचायच्या बेतात आहे. प्रचारातल्या दोन भाषणलेखकांना कल्पना सुचली: सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांना मॉस्कोला पाठवू, स्टालिनशी बोलू दे, राष्ट्राध्यक्ष रेडिओवरून देशाला सांगतील. रेडिओ कंपन्यांकडे अर्ध्या तासाची वेळही मागून झाली आहे. फक्त परराष्ट्रमंत्री मार्शल यांना कुणी विचारलेलं नाही, आणि ते पॅरिसमध्ये बर्लिनच्याच प्रश्नावर मित्रराष्ट्रांना एकत्र धरून बसलेत. ट्रुमन टेलिटाइपपाशी उभे आहेत. यंत्र एक-एक अक्षर ठोकत मार्शल यांचं म्हणणं खोलीत आणतं. मार्शल यांना हे नको आहे. ट्रुमन वाचतात, सल्लागारांकडे येतात आणि सांगतात, करायचं नाही. सल्लागार अजून आग्रह धरतात, मतांचं सांगतात. ते ऐकत नाहीत. चार दिवसांत बातमी फुटते आणि जगभर एकच शंका उठते की बर्लिनवरचा डाव प्रचारासाठी टाकला जात होता.

एका यंत्राच्या खडखडाटावर ते थांबलं. त्या जागी हार सोसवत नाही असा कुणी असता तर? म्हणून मला फेरनिवडणुकीच्या प्रचाराचं भय वाटतं, आणि म्हणूनच कारकिर्दीच्या लांबीत हात घालण्याआधी प्रचाराच्या लांबीत घाला असं वाटतं. तुम्ही जिथं उभे आहात त्या १९४८ मध्ये हा मोठा दौरा सप्टेंबरात सुरू झाला आणि नोव्हेंबरच्या आरंभी संपला. आठेक आठवडे. तेवढ्यात इतकं घडलं. तुमच्या-माझ्या काळात अमेरिकेतला प्रचार वर्ष-दीड वर्ष आधी पेटतो, निधी गोळा करणं तर थांबतच नाही, आणि चार वर्षांतलं कामाचं वर्ष कुठलं हे सांगणं अवघड होतं. दुखणं आहे ते तिथं. परत येऊन मत मागणं हे दुखणं नाही. डेक्स्टरच्या उन्हात त्या म्हाताऱ्याच्या नजरेखाली उभं राहावं लागणं, हे तर त्या खुर्चीच्या प्रकृतीला लागतंच.

२ नोव्हेंबरला आयोवात फार वेळ घालवू नका. मतदान होतं, शाळेच्या खोलीत, ओल्या लोकरी कोटांचा वास घेत. म्हातारा आपलं मत सांगत नाही, बायकोलाही नाही. दुसऱ्या दिवशी कळतं की आयोवा ट्रुमन यांच्याकडे गेलं आणि देशही.

त्यापेक्षा पुढच्या वर्षी या. १९४९ च्या जूनमध्ये काँग्रेसनं ते कलम बदललं, महामंडळाला कोठारं घ्यायची मोकळीक मिळाली. आता पिकाचा हंगाम आहे आणि तुम्ही गावाच्या कडेला, रेल्वेरुळांलगतच्या पट्ट्यात उभे आहात. गोल, पत्र्याच्या, शंकूसारख्या टोप्यांच्या सरकारी कणग्या ओळीनं उभ्या राहतायत. माणसं शिडीवर चढून बोल्ट आवळतायत, पत्र्यावर हातोडा पडला की दात शिवशिवतात. नवा पत्रा उन्हात इतका तापलाय की हात लावताच चटका बसतो. पहिला ट्रक मागे येतो, यंत्राचा पट्टा घरघरतो आणि मक्याचे दाणे रिकाम्या कणगीच्या तळावर आदळू लागतात. असा आवाज की शेजारच्याला काही सांगायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. भुश्शाची पिवळी धूळ उडते, खोकला येतो, डोळे चुरचुरतात.

म्हातारा तुम्हाला ओळखतो. कानाशी येऊन ओरडतो की पत्रा पातळ वापरलाय, पहिल्या वादळात टोप्या उडतील, आणि याबद्दल तो पुढच्या निवडणुकीत विचारणार आहे.